विहिरीच्या पाण्याचा हक्क आणि सॅक्रामेंटोची ‘सस्पेन्स फाइल’

वर्धा, बुलढाणा, अमरावतीकडच्या विहिरींत सापडणारं नायट्रेट कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या विहिरींतही आहे. कारणंही ओळखीची: वर्षानुवर्षं ओतलेलं नत्र खत, गुरांचं शेण-मूत, घरामागचे शोषखड्डे. मर्यादासुद्धा एकच. आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. कॅलिफोर्नियात ते नायट्रोजन म्हणून मोजतात आणि १० मिलिग्रॅम लिहितात, पण हिशोब मांडला की तेच ४५ येतात. याच व्हॅलीतल्या फ्रेस्नो-तुलारेकडे कापूस आहे, संत्र्याच्या बागा आहेत, आणि घरचं पाणी प्यायला चालत नाही म्हणून बाटल्यांचे खोके आणणारी गावंही आहेत.

अशा गावांसाठी कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये एबी (असेंब्ली बिल) ६८५ हा कायदा केला. पिण्यापुरतं, स्वयंपाकापुरतं आणि स्वच्छतेपुरतं सुरक्षित, परवडणारं पाणी हा प्रत्येक माणसाचा हक्क, असं त्यात लिहिलंय. वाचून बरं वाटतं. मग त्याच कलमात खाली उतरा: या हक्कामुळे पाणी पुरवण्याची राज्याची जबाबदारी वाढत नाही, पाणीयोजनांवर जादा पैसा खर्च करणं बंधनकारक होत नाही. म्हणजे जेवणाचं आमंत्रण आहे, पण चूल पेटवायची सक्ती नाही. पैसा आला तो २०१९ मध्ये, एसबी (सेनेट बिल) २०० या दुसऱ्या कायद्यानं: वर्षाला १३ कोटी डॉलरपर्यंत, २०३० पर्यंत, तोही हवामान निधीतून.

अशी वाक्यं विधेयकात का शिरतात, हे कळायला राजधानी सॅक्रामेंटोतल्या विधिमंडळाची अप्रोप्रिएशन्स कमिटी, म्हणजे खर्च तपासणारी समिती, पाहावी लागते. ८० जणांच्या असेंब्लीची एक आणि ४० जणांच्या सेनेटची एक, अशा दोन. विधेयक आधी विषयाच्या समितीत जातं, तिथं चांगलं-वाईट यावर चर्चा होते. नंतर या समितीत एकच प्रश्न असतो: किती लागतील आणि कुणाच्या खिशातून?

कुठलं विधेयक इथं येणार, हे ओळखायला वकील लागत नाही. विधेयकाच्या आरंभी सरकारी विधी सल्लागारांनी लिहिलेला गोषवारा असतो. त्याच्या शेवटच्या ओळीत चार नोंदी: मत साधं की दोन-तृतीयांश, विधेयकातच पैशाची तरतूद आहे का, फिस्कल कमिटी हो की नाही, लोकल प्रोग्रॅम हो की नाही. तिसऱ्या नोंदीपुढे ‘हो’ दिसलं की फाइल पैशाच्या समितीकडे जाणार. चौथ्या नोंदीपुढेही ‘हो’ असेल तर आणखी एक काटा. राज्यानं काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेवर, नवं काम लादलं तर त्याची भरपाई राज्यानं द्यायची, असं इथल्या राज्यघटनेत १९७९ पासून आहे. त्यामुळे ‘काउंटीनं विहिरी तपासाव्यात’ एवढं साधं वाक्यसुद्धा राज्याच्या तिजोरीवरचं बिल ठरू शकतं.

आता आकडा कसा बनतो ते बघा. इथं १५ किंवा त्याहून जास्त जोडण्या असलेली योजना सार्वजनिक पाणीपुरवठा धरतात आणि तिच्यावर राज्याची देखरेख असते. एकट्या घराची किंवा शेतातली विहीर त्यात येत नाही. समजा, अशा १०,००० खासगी विहिरी दरवर्षी फुकट तपासायचं विधेयक आणलं आणि प्रयोगशाळा नमुन्याला ४० डॉलर घेते. झाले ४ लाख. विधेयक मांडणारा एवढंच सांगत फिरतो. ज्या सरकारी खात्यावर हे काम पडणार ते मात्र नमुने गोळा करणारी माणसं, नोंदी ठेवणारी यंत्रणा, तक्रारी ऐकणारा कर्मचारी हे सगळं मोजतं. मोजायचं माप आहे ‘पीवाय’, म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं काम. पगार, निवृत्तिवेतनाचा वाटा, जागा, सगळं त्यात. ४ लाखांचे २० लाख होतात ते इथं. काही वेळा खातं मुद्दाम फुगवतं, कारण त्याला ते काम नकोच असतं. पण बहुतेकदा चूक विधेयकाचीच असते: ‘राज्य खात्री करील’ असं मोघम लिहिलं की त्या खात्रीला तळ नसतो, आणि समितीचा सल्लागार विधेयकाच्या खर्चावरच्या टिपणात लिहून मोकळा होतो, ‘खर्च अज्ञात, पण मोठा असू शकतो’. याहून वाईट शेरा नाही. आकडा मोठा असला तर निदान घासाघीस करता येते. उलट ‘किरकोळ, चालू निधीत भागेल’ असा शेरा मिळाला की वाट मोकळी. सेनेटमध्ये तर नियम २८.८ खाली समितीचा अध्यक्ष असं विधेयक सुनावणीशिवाय थेट सभागृहात पाठवू शकतो.

खर्च ठरावीक रेषेच्या वर गेला की विधेयक ‘सस्पेन्स फाइल’मध्ये. असेंब्लीत ती रेषा दीड लाख डॉलर. सेनेटमध्ये राज्याच्या सर्वसाधारण निधीतून ५० हजार, किंवा कुठल्याही निधीतून दीड लाख. राज्याच्या अवाढव्य अर्थसंकल्पापुढे हे चहापाण्याचे पैसे, म्हणून नवं काम सांगणारं जवळजवळ प्रत्येक विधेयक इथं येऊन बसतं. वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, या फायलीचा निकाल लागतो. त्या दिवशी साक्ष नाही, भाषण नाही. अध्यक्ष क्रमांक वाचतो आणि पुढं सरकतो: पास, दुरुस्तीसह पास, राखून ठेवलं. बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगांचा लिलाव सरकतो तशी गत. आपल्या ढिगापाशी येऊन पुढं कधी गेले, कळतही नाही. शेकडो विधेयकं दोनेक तासांत संपतात. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ‘राखून ठेवला’ जातो, आणि राखून ठेवलं म्हणजे बहुधा संपलं. सभागृहात कुणाला ‘नाही’ म्हणून हात वर करावा लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. राजकारण्यांना ही फाइल प्रिय का, हे आता वेगळं सांगायला नको.

म्हणून ज्यांना विधेयक वाचवायचंय ते त्या दिवसाची वाट बघत नाहीत. बोलायचं ते विधेयक सस्पेन्समध्ये टाकलं जातं त्या आधीच्या साध्या सुनावणीत. पत्रं विधिमंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर सुनावणीच्या सुमारे आठवडाभर आधी पोचावी लागतात. उशिरा आलेलं पत्र फायलीत लागतं, टिपणात येत नाही. पत्रात काय लिहावं? ‘आमच्या गावाला फार गरज आहे’ हे विषयाच्या समितीत सांगून झालेलं असतं. इथं हवं ते वेगळंच: तपासणीचा खरा दर, पावतीसह, शेजारच्या काउंटीनं हेच काम किती माणसांत केलं, एकदाच होणारा खर्च किती आणि दरवर्षीचा किती, आणि आज तपासणी नाही म्हणून राज्य बाटलीबंद पाण्यावर किती घालवतंय. एकदाचा आणि दरवर्षीचा खर्च एकाच ओळीत मिसळला की सल्लागार सगळाच दरवर्षीचा धरतो. ही चूक सर्रास दिसते.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा, आणि इथं विधेयकाचं हाडमांस जातं. १०,००० विहिरींऐवजी दोन काउंट्यांत १,००० विहिरींचा प्रायोगिक प्रकल्प करा, तपासणीचा खर्च ४० हजारांवर येतो. पाच वर्षांची मुदत घाला. ‘करील’ ऐवजी ‘करू शकेल’ लिहा; तेवढ्या एका शब्दानं खर्चाचा आकडा जवळजवळ शून्य होतो आणि कामही बहुधा तेवढंच होतं. सगळ्यात चतुर वाक्य म्हणजे ‘विधिमंडळानं निधीची तरतूद केल्यास’. कायदा होतो, फोटो निघतो, आणि तरतूद होईपर्यंत खात्याला हलायची गरज नाही.

तरतूद होते ती अर्थसंकल्पात. राज्यपालांचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत, सुधारित आकडे मेच्या मध्यात, मंजुरी १५ जूनपर्यंत. २०१० च्या सार्वमतानंतर त्याला साधं बहुमत पुरतं. अर्थसंकल्पासोबत, तो अमलात आणायला कायद्यात लागणाऱ्या बदलांची, ‘ट्रेलर बिल’ नावाची विधेयकं जातात, त्यांना वर सांगितलेली वाट बहुतेक चालावीच लागत नाही. ज्याची ओळख दांडगी त्याचं काम ट्रेलरमध्ये, बाकीचे सस्पेन्सच्या रांगेत. आपल्या पुरवणी मागण्यांची आठवण झाली ना बाप्पा?

आपल्याकडे रचनाच वेगळी आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च लागणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर होत नाही (अनुच्छेद २०७), म्हणजे व्यवहारात सरकारच्या होकाराशिवाय. त्यामुळे एखाद्या आमदाराचं खर्चिक अशासकीय विधेयक सस्पेन्सपर्यंत जायच्या आधीच दाराशी अडतं. धन विधेयक असेल तर विधान परिषदेच्या हातात फक्त १४ दिवस, आणि तिच्या शिफारशी विधानसभेनं मानाव्याच असंही नाही. लोकांच्या सूचना मागवणारी संयुक्त समिती कधीमधी नेमली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात मांडलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक तसं गेलं होतं. पण ते सरकारनं ठरवलं म्हणून.

तरी एक कागद आपल्याकडेही असतो. खर्च लागणाऱ्या विधेयकाच्या शेवटी, ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ संपलं की ‘वित्तीय ज्ञापन’ येतं. चार-सहा ओळींचंच. त्यात तीन गोष्टी शोधा: आवर्ती खर्चाचा आकडा, अनावर्ती खर्चाचा आकडा, आणि पैसा कुठल्या शीर्षाखाली येणार. नुसतं ‘नेमका अंदाज करणे शक्य नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर आपल्या आमदाराला विचारायचा प्रश्न तयार आहे, आणि तो विधेयक चर्चेला यायच्या आधी विचारायचा. ग्रामसभेत योजना वाचून दाखवली की आपण ‘निधी आला का?’ म्हणतो, तोच प्रश्न चार महिने अलीकडे आणायचा.

सस्पेन्सचा तमाशा बघायचाच असेल तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर थेट दिसतो, आणि बैठकीचं चित्रण २४ तासांत टाकणं २०१६ च्या सार्वमतापासून बंधनकारक आहे. मेमधली बैठक बहुतेकदा गुरुवारी असते. उन्हाळ्यात सॅक्रामेंटो आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे दहा ते आपले रात्रीचे साडेदहा. वखरणी आटोपून अंगणात बाज टाकलेली असते तेव्हाच. विधेयकाचा क्रमांक आधी लिहून ठेवा, कारण अध्यक्ष विषय सांगत बसत नाही.