तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, कुठंही आवाज ओळखला की पुढचा प्रश्न ठरलेला. "ताई, सत्तावीस वर्षं रेडिओवर बोलताय, आवाज असा आहे, मग पुण्या-मुंबईला का नाही गेलात?" मी "जमलं नाही हो" म्हणते आणि विषय बदलते. पण गेल्या महिन्यात एका कॉलेजात बोलायला गेले होते. तिथं जत तालुक्यातल्या एका मुलीनं हेच विचारलं आणि उत्तरासाठी वही उघडून बसली. तिला काही अर्धवट सांगववेना. तेव्हा जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहिते.

बोलावणं आलं नव्हतं असं नाही. खासगी एफएम वाहिन्या नव्यानं सुरू होत होत्या तेव्हाची गोष्ट. पुण्याला आवाजाची चाचणी दिली, पसंत पडले. मी तेव्हा सांगलीत शाळेत शिकवत होते आणि आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होते. नैमित्तिक म्हणजे नोकरी नव्हे. महिन्याला सहा ड्युट्या वाट्याला येतात आणि मानधन ड्युटीवर मिळतं. बाकीचे चोवीस दिवस प्रत्येकाचा आपापला उद्योग असतो. कुणी वकिली करतं, कुणी शिकवण्या घेतं, कुणाचं दुकान असतं. पुण्यात पूर्ण पगाराची नोकरी होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा चौथीत, म्हणून नाही म्हटलं. ते कारण खरंच होतं. पण तेवढंच असतं, तर तीन वर्षांनी पुन्हा विचारणा झाली तेव्हा गेले असते. तोवर सासूबाई गेल्या होत्या, मुलगाही मोठा झाला होता. तरी गेले नाही, आणि त्याचं मूळ १९९९ सालच्या एका पोस्टकार्डात आहे.

आमच्या जिल्ह्यात तीन कवठे आहेत. मिरज तालुक्यातलं कवठेपिरान, हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव. तासगावच्या वाटेवरचं कवठेएकंद, दसऱ्याच्या आतषबाजीसाठी सगळीकडं माहीत असलेलं. आणि पूर्वेकडचं कवठेमहांकाळ, ते तर तालुक्याचंच ठिकाण. मला तेव्हा रेडिओवर जेमतेम वर्ष झालं होतं. द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्याची सूचना होती. कागदावर कवठेएकंद स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं कवठेमहांकाळ. घड्याळाकडं डोळे होते, सहक्षेपणाला, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जोडून घ्यायला, अर्धं मिनिट उरलं होतं आणि जीभ सवयीच्या नावाकडं वळली. चूक माझ्या लक्षातही आली नाही.

आठ दिवसांनी केंद्रावर पोस्टकार्ड आलं. सोनी गावाजवळच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं की, बाई, तुमचं ऐकून मी मिरजेला आलो, एसटी धरून महांकाळला गेलो, तिथं कुणालाच काही माहीत नाही. मेळावा एकंदला होता. भाडं गेलं, दिवस गेला, बागेत डावणी रोग आला होता त्याबद्दल विचारायचं होतं ते राहिलं. कार्डात एकही वाकडा शब्द नव्हता. खाली सही आणि "कळावे" एवढंच.

ते कार्ड हातात घेऊन मी ड्युटी रूममध्ये किती वेळ बसले होते, आठवत नाही. डावणी म्हणजे काय हे द्राक्षवाल्याला विचारा. पानावर तेलकट डाग दिसला आणि दोन दिवस ढगाळ गेले की घड हातचे जातात. हा माणूस बाग तशीच टाकून माझ्या एका शब्दावर चाळीस-पन्नास किलोमीटर गेला होता. मी त्यांना माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं त्यात आपल्या भागातल्या, नावात गफलत होते अशा गावांची यादी होती. मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज. दोन-तीन बोरगावं. शेवटी लिहिलं होतं, "हे जवळ ठेवा."

त्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. एसटीच्या कंडक्टरांना भेटून नावं विचारली, कारण गावाचं नाव गावातली माणसं म्हणतात तसं कंडक्टरच म्हणतो. जत तालुक्यानं तर मला अक्षरशः शाळेत बसवलं. तिकडं कानडी बोलणं, नावंही त्याच वळणाची. उमदी, उटगी, बिळूर, माडग्याळ, गुड्डापूर. 'संख' नावाचं गाव आहे. बाहेरचा निवेदक त्याला हमखास सुधारून 'शंख' करतो. संखच्या माणसाला तसं ऐकताना काय वाटत असेल याचा विचार करा. टँकरची वाट बघत बसलेला माणूस, आपल्या गावाचं नाव वर्षातून एकदा रेडिओवर येतं, आणि तेही दुसरंच.

हवामानाचंही तसंच. अंदाज येतो तो एक-दोन ओळींचा. "तुरळक ठिकाणी हलका पाऊस." सुरुवातीला मला वाटायचं तुरळक, काही, अनेक, बहुतांश हे शब्द भाषेच्या शोभेसाठी फिरवून वापरतात. मग एका कृषी अधिकाऱ्यांनी समजावलं की हवामान खात्याच्या हिशेबात त्यांची मापं ठरलेली आहेत. भागातल्या चार जागांपैकी एका जागी किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडणार असेल तर तुरळक. निम्म्यापर्यंत काही ठिकाणी. पाऊणपर्यंत अनेक ठिकाणी. त्याच्या वर बहुतांश. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागेत फवारणी आज घ्यायची की उद्यावर टाकायची हे शेतकरी त्या एका शब्दावरून ठरवतो. औषधाचा एक हात वाया गेला तर हजारो रुपये पाण्यात. त्यानंतर मी हा शब्द कधी घाईत गिळला नाही. त्याच्या आधी क्षणभर थांबते. माझ्या बहिणीला वाटतं मी तिथं अडखळते. अडखळत नाही, ऐकणाऱ्याला कान टवकारायला वेळ देते.

आता पुराचं सांगते, कारण खरं उत्तर तिथं आहे.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'पुलावर किती' विचारतात. पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल, १९२९ सालचा. (ज्या व्हाइसरॉय आयर्विनचं नाव पुलाला आहे, त्यांच्याच हस्ते २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता. माझ्या आयुष्यातल्या दोन्ही गोष्टी एका माणसाशी येऊन जुळाव्यात!) चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. पण ही सरकारी मापं झाली. घरोघरीची मापं वेगळी. सूर्यवंशी प्लॉटातला माणूस धोक्याच्या पातळीची वाट बघत नाही, त्याचं सामान त्याच्या कितीतरी आधी माळ्यावर गेलेलं असतं. एवढे फूट झाले की आमच्या बोळाच्या तोंडाला, एवढे झाले की तिसऱ्या पायरीला, हे प्रत्येकाला पाठ. म्हणून रेडिओवर पातळी सांगताना फूट आणि इंच दोन्ही सांगायचे, आणि किती वाजताची पातळी तेही सांगायचं. वेळ नसलेला आकडा ऐकणाऱ्याच्या काही उपयोगाचा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. मी विश्रामबागेत राहते, आमच्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती. मी त्या दिवसांत स्टुडिओत नव्हते, छावणीत भाकऱ्या वाटत होते. वीज नाही, फोन बंद पडलेले, आणि अफवा मात्र भरपूर. कोयनेतून आणखी सोडलंय, आता सगळंच बुडणार, असं काहीबाही. ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटल्याचं कळलं त्या दिवशी तर सगळी छावणी गप्प झाली होती. संध्याकाळी सतरंजीवर बसलेल्या एका आजी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तू रेडिओवाली न्हवं? मग सांग की पाणी किती हाय." बायका जवळ सरकल्या.

माझ्याकडं काही नव्हतं. पाटबंधारे खात्यात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला कसाबसा फोन लागला. त्याच्याकडून आकडा आणि वेळ घेतली. शाळेचा बॅटरीवरचा ध्वनिक्षेपक काढला आणि स्टुडिओत वाचते तसंच वाचलं. "आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी, सायंकाळी सहा वाजता," आणि मग फूट, मग इंच. शेवटी गावांची नावं, कुठला रस्ता बंद ते. मग दर दोन-तीन तासांनी वाचत गेले. आकडा मिळाला नाही तेव्हा "आठ वाजताची पातळी अजून मिळालेली नाही" असं सांगितलं. रात्री अकराला पहिल्यांदा पाणी दोन इंच उतरल्याचं वाचलं. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. आजींनी पोरांना झोपा म्हणून सांगितलं आणि स्वतः आडव्या झाल्या.

पुण्यात मी चांगलंच बोलले असते. तिथली मुलं फार गुणी आहेत, त्यांचं मी ऐकते, त्यांच्याकडून शिकतेही. पण पुण्यात त्या आजींच्या तिसऱ्या पायरीला पाणी कधी लागतं हे मला कुठून कळलं असतं? ते कळायला वीस वर्षं लागली होती. ती उचलून दुसरीकडं नेता येत नाहीत.

कॉलेजातली ती मुलगी आता नैमित्तिक निवेदक म्हणून निवडली गेली आहे. परवा घरी आली होती. माझी वही तिला दिली. पहिली वही फाटली, ही तिसरी. तिनं जत तालुक्याचं पान काढलं, पेन्सिल मागितली आणि दोन नावं खोडून त्यांच्यापुढं नीट लिहिली. इतकी वर्षं मी ती चुकीची म्हणत होते. त्यातलं एक तिच्या आजोळचं आहे. मंगळवारी सकाळची सभा, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची पाळी, तिची आहे, मी साडेपाचचा गजर लावलाय.