सहा खुर्च्या, आठशे भोकं

"दोन आठवड्यांत देतो ताई." हे वाक्य मी गेल्या वर्षी मे महिन्यात खुर्च्या विणणाऱ्याच्या तोंडून ऐकलं. खुर्च्या घरी आल्या त्या वसुबारसेला. मधले पाच महिने आम्ही प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवलो, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तीच गोष्ट नव्या चिडचिडीसह सांगितली. आता एकदा लिहूनच टाकते.

खुर्च्या आजोबांच्या. १९६३ साली दादरला एका सुताराकडून करून घेतलेल्या. सागवानी, पाय खाली निमुळते आणि जरासे बाहेर फाकलेले, पाठ अर्धीच, बसायला वेताची जाळी. आज या साध्या, बिननक्षीच्या जुन्या शैलीला मिडसेंच्युरी मॉडर्न म्हणतात आणि शोरूममध्ये तशाच दिसणाऱ्या एका खुर्चीची किंमत ऐकून नवऱ्याने घरी पाणी मागितलं. आजोबांच्या कानावर हा शब्द पडला असणं शक्यच नाही. आजीला नक्षीकाम नको होतं, कारण नक्षीत धूळ बसते आणि ती पुसायची तिला. एवढंच डिझाइन.

बाबांनी घर आवरलं तेव्हा टेबल आणि खुर्च्या टेम्पोने पुण्याला आल्या. पॉलिशचं काम एप्रिलच्या उन्हात झटपट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. टेबलावर बाबांच्या अकरावीतल्या शाईचा डाग आहे. पॉलिशवाले काका म्हणाले, ऑक्झॅलिक ॲसिड मारलं की जाईल. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

अडकलं ते विणकाम. सहाही जाळ्या फाटल्या होत्या. ज्याला विचारावं तो म्हणे, फोम टाका, रेक्झिन लावा, विषय संपला. शेवटी एक विणणारा मिळाला. त्याने तीन हजार आगाऊ घेतले आणि खुर्च्या त्याच्या गोडाऊनला नेल्या. जूनमध्ये "आसामचा माल येतोय." जुलैमध्ये "पावसात वेत सुकत नाही ताई." मग फोन उचलणंच बंद. ऑगस्टमध्ये एका रविवारी मी न सांगता जाऊन थडकले, तर चार खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी सोफ्याचा सांगाडा. उरलेल्या दोन "तयार" होत्या.

तयार म्हणजे काय, तर बाजारात मिळणारी मशीनवर विणलेली जाळी कापून, भोकांवरून ताणून, पिना ठोकलेल्या. पिना दिसू नयेत म्हणून वरून लाकडी पट्टी, तिलाही चुका मारलेल्या. एप्रिलच्या पॉलिशवर ओरखडे. "दिसायला सेमच आहे ना?" असं वर मलाच विचारलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला मे महिन्यात कुणीतरी सांगायला हवी होती. खुर्ची उलटी करा. बैठकीच्या चौकटीला कडेने बारीक भोकं असतील तर ती हातानेच विणावी लागते, एकेक पट्टी भोकातून ओवून. भोकं नसून वरच्या बाजूला सलग खाच असेल तर तयार जाळी पाण्यात भिजवून त्या खाचेत बसवतात, वरून वेताची दोरी ठोकतात. ते काम दिवसाभराचं, आणि त्यातही कमीपणा काही नाही. पण भोकांच्या खुर्चीला जाळी ठोकायची म्हणजे गुंड्यांच्या शर्टाला चेन लावण्यासारखं. आमच्या एका खुर्चीला एकशे तीसच्या आसपास भोकं आहेत. मी मोजली. गोडाऊनमधून परत आणल्यावर रागात दुसरं काय करणार?

पुढचा माणूस सापडला तो बाबांमुळे. त्यांच्या सरकारी ऑफिसात खुर्च्या विणायला एक अंध गृहस्थ येत असत. अंधांच्या कितीतरी कार्यशाळांमध्ये केनिंग, म्हणजे हे वेताचं विणकाम, शिकवलं जायचं, आणि रेल्वेत नि सरकारी कचेऱ्यांत त्यावर नोकऱ्या असायच्या. विचारत विचारत तेच काम करणारे एक निवृत्त काका मिळाले. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं आणि पहिलं वाक्य, "पिना कोणी मारल्या हो?" मी सगळ्या उपटल्यात अशा समजुतीत होते. त्यांनी अकरा काढल्या. मग एका कोपऱ्यातल्या भोकात त्यांना आगपेटीच्या काडीचा तुकडा सापडला. पाचर म्हणून कुणीतरी बसवलेला. आजोबाच. बाबा म्हणाले, त्यांना कुठलीही गोष्ट काडीने दुरुस्त करायची सवय होती.

विणायचं कसं तर आधी उभे धागे, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, त्यानंतर दोन्ही बाजूंनी तिरके. तेव्हा कुठे ती अष्टकोनी जाळी उमटते. काकांना एका खुर्चीला दोन-तीन दिवस लागत, आणि सांगितलेला दिवस त्यांनी एकदाही चुकवला नाही. (काडी त्यांनी परत त्याच भोकात बसवली. मी सांगितलं नव्हतं.)

ओरखड्यांवर लाखेचा हात मी सप्टेंबरच्या पावसात मारून घेतला, घाईने. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, पडलंच. ऊन येईपर्यंत थांबून पुन्हा केलं. आणि हो, पॉलिश नेहमी विणण्याआधी. वेत सैल पडला तर खालून ओलं फडकं दाबून रात्रभर वाळू द्यायचा, पुन्हा ताणला जातो. बैठकीवर उभं राहून पंखा पुसणं आमच्या घरात आता कायद्याने बंद आहे.

येणारे विचारतात, चंदीगड चेअर का? नाही. त्या चंदीगडचा आराखडा करणाऱ्या वास्तुविशारद ली कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने त्या शहरासाठी करवून घेतल्या. सरकारी कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या त्या खुर्च्या पुढे परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या, आणि २०११ साली गृह मंत्रालयाला त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश काढावा लागला. आमच्या दादरच्या. दुसरा प्रश्न असतो, यावर खणाच्या उशा छान दिसतील ना, जरा आपला टच येईल? सहा जाळ्यांसाठी पाच महिने घालवून त्या उशीखाली झाकू?

तीन हजार परत आले नाहीत. परवा त्या पहिल्या माणसाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो बदललेला दिसला. त्यात माझी खुर्ची आहे, पट्टी ठोकलेली, आणि खाली लिहिलंय, अँटिक काम खात्रीने करून मिळेल.