दोन पौंड कमी

बेळगावच्या टिळकवाडीत माझं रॅकेटी गटिंग करायचं, म्हणजे त्यांत तारा (गट) ओढून बसवायचं दुकान आहे. बॅडमिंटनच्या ढिगानं येतात, टेनिसच्या महिन्याला चार-पाच. त्यातली एक हमखास आमच्या रिटायर्ड बँकवाल्या काकांची. पूर्वी तार ५६ पौंडांच्या ताणावर ओढायला लावायचे, मग ५४, गेल्या वर्षी ५०. गट सैल असला की कोपराला दणका कमी बसतो.

२७ जानेवारी २०२४ ला काका दुकानातच होते. मोबाईलवर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स फायनल, समोर मशीनवर त्यांचीच रॅकेट. भारताचा रोहन बोपण्णा आणि त्याचा जोडीदार एबडननं पहिल्या सेटचा टायब्रेक ७-० नं मारला. त्या नादात माझी आडवी तार खालून जायच्या ऐवजी वरून गेली, आणि ते कळलं पाच ओळींनंतर! सगळं उसवलं. काका काही बोलले नाहीत, त्यांचंही लक्ष कुठं होतं.

"कर्नाटकाचा पोरगा," एक गिऱ्हाईक म्हणालं. "मग आपण कोण ओ?" दुसऱ्यानं लगेच विचारलं. बेळगावात हे असंच. खरं त्या माणसाची मायबोली कोडवा, आमच्या मराठी-कन्नड भांडणात तिसरीच.

२०१० ला अमेरिकन ओपनची डबल्स फायनल बोपण्णा कुरेशीच्या जोडीनं खेळून हरला, २०२३ ला तिथंच एबडनच्या जोडीनं पुन्हा. मधे एकदा पाच महिने एकही मॅच जिंकला नाही, तेव्हा बायकोला व्हिडिओ पाठवून 'आता बास' म्हणाला होता. गुडघ्यातली कूर्चा तर झिजून गेलेली. लोक जिद्द जिद्द करतात. मला त्याचं सवय बदलणं जास्त आवडतं. सिंगल्स सोडलं, अय्यंगार योग धरला, आणि ४३ व्या वर्षी डबल्समध्ये जगात पहिला.

हा योग शिकवणाऱ्या अय्यंगार गुरुजींना १९३७ ला पुण्याला बोलावणारे डॉ. गोखले आधी बेळगावचे सिव्हिल सर्जन. हे मला काकांनीच सांगितलं, आणि तेवढ्यावर मला क्लासात नेऊन भिंतीच्या दोराला उलटं टांगलं. पहिल्या दिवशी खिशातली चिल्लर सगळी खाली. गुडघा मात्र जिना चढताना आता कमी कुरकुरतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बोपण्णानं रॅकेट ठेवली. दुसऱ्या आठवड्यात काका आले.

"४८ कर."

"काका, जाळं होईल की ओ त्याचं."

"होऊ दे. सकाळी सहाला कोर्ट बुक केलंय."