जांबोटीचा जांभा आणि मागचा ब्रेक

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढचा जांभा वाळायला नोव्हेंबर उजाडावा लागतो. त्याआधी कितीही हात शिवशिवले तरी तिकडं एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाईक, घेऊन जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण पावसाळ्यात त्या दगडावर हिरवं शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलंच टायर, कितीही महागाचं असू दे, टिकत नाही. पण एकदा का दोन-तीन आठवडे कडक ऊन लागलं की तोच दगड पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो, चाक चिकटून राहतंय, चढाला जोर लावला तरी मागचं टायर सुटत नाही. बेळगावातून तासाभरात पोचता येईल इतक्या जवळ असलं ट्रेल आहे, आणि आपल्यातले कितीतरी सायकलवाले अजून फक्त हायवेवर किलोमीटर मोजायलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परवाच्या रविवारी आम्ही पाचजण गेलो. सायकली उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, दोस्ताच्या टेम्पोत टाकल्या, पिरनवाडी, किणये, कुसमळी करत जांबोटी गाठली, तिथं गरम उप्पीट आणि चहा मारला आणि टायरातली हवा उतरवली. रोडवर चालवणाऱ्यांना हे विचित्र वाटतं पण जंगलात टायर मऊच पाहिजे, ट्यूबलेस असेल तर पुढं २२ आणि मागं २५ पीएसआयच्या आसपास, वजनाप्रमाणे थोडं कमीजास्त, म्हणजे टायर दगडाला धरून बसतं, त्याच्यावरून उडत नाही.

वाटेबद्दल आधीच सांगतो. आम्ही भीमगड अभयारण्यात शिरत नाही. २०११ साली ते अभयारण्य जाहीर झालं, आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि "सायकलचा काय आवाज होतोय, कुणाला कळणार" म्हणून गुपचूप घुसणाऱ्यांबद्दल मला जरासुद्धा आदर नाही. तिथल्या बारापेडी गुहेत रॉटनचं म्हणून जे वटवाघूळ राहतं ते जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतं, तिथं आपण उगीच हुंदडायला कशाला जायचं. बाहेरच्या बाजूनं गावागावांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आणि पायवाटा भरपूर आहेत, आधी फॉरेस्टच्या माणसाला विचारून घेतलं की दिवस कमी पडतोय.

सुरुवातीला शेतं, कापलेल्या भाताची खळी, मग एकदम झाडी. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आणि खाली पाचोळा. पाचोळा दिसायला छान पण त्याच्याखाली काय आहे ते कळत नाही, मूळ असतं, दगड असतो, कधी नुसता खड्डा, म्हणून तिथं सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका लेव्हलला, गुडघे आणि कोपर सैल, आणि नजर चाकापुढं न ठेवता दहा-पंधरा फूट लांब. नजर जिकडं तिकडं सायकल, झाडाकडं बघितलं की झाडावरच जाणार. आमच्यातला एक नवीन होता, बँकेत आहे, पहिल्या उतारालाच थांबला आणि म्हणाला, "भावा, मी उतरून येतो." मी म्हटलं ये की, त्यात काय. उतरून चालत येणाऱ्याला हसायचं नाही हा आमच्याकडं नियमच आहे, कारण हसलं की माणूस पुढच्या उताराला लाजेखातर सायकल सोडतो आणि तिथंच खांदा निखळतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. उताराला मागचा ब्रेक कचकन दाबून चाक लॉक करायचं आणि सायकल घसरत न्यायची, व्हिडिओत हे भारी दिसतं, धुरळा उडतो, पण तसं करू नका राव. लॉक झालेल्या चाकानं सायकल लवकर थांबत नाही, ते नुसतं माती खरवडतं. थांबवायचं काम जास्त करून पुढचा ब्रेक करतो कारण ब्रेक लागला की वजन पुढं येतं आणि मागचं चाक हलकं होतं, म्हणून दोन्ही ब्रेक एकेका बोटानं, हळूहळू, कंबर मागं घेऊन आणि वळणाच्या आधीच, वळणात नाही. हे जमलं की वाटेवर घसरल्याचा ओरखडा उमटत नाही. ओरखड्याचं एवढं काय म्हणाल तर जूनमध्ये तिथं जाऊन बघा. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आपल्याला माहिताय, पाणी आपली वाट शोधत येतं आणि सापडेल त्या चरातून धावतं, पावसाळा संपेपर्यंत त्या चराची घळ होते. मग त्याच वाटेनं डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन येणाऱ्या बाईनं पाय कुठं ठेवायचा? आपल्याला ते ट्रेल, तिला तो बाजाराचा रस्ता.

हे मी हवेत बोलत नाही. एका चढाला आम्हाला साधी काळी बावीस इंची सायकल ढकलत येणारे एक काका भेटले, कॅरिअरवर तांदळाचं पोतं, सुतळीनं आडवं-उभं बांधलेलं, पायात स्लिपर. गिअर नाही, सस्पेन्शन नाही. आम्ही सगळे उतरलो, सायकली कडेला झाडीत घेतल्या आणि वाट दिली. "कुठनं आलासा?" "बेळगावातनं काका." मग त्यांनी एका हातानं पोतं सांभाळत सांगितलं की वरच्या वाटेनं जाऊ नका, सकाळी गवे होते, ओढ्याकडनं जावा. आम्ही मुकाट्यानं ओढ्याकडनं गेलो. गवा आणि अस्वल ही या जंगलात गंमत नाही, म्हणून आमच्या प्रत्येकाच्या हँडलला घंटी आहे आणि आंधळ्या वळणाला ती वाजवायचीच. स्पीकर लावून गाणी मात्र नको, गाण्याच्या आवाजात पुढची चाहूल लागत नाही.

एमटीबीचा जन्मच मुळी ब्रेकच्या भानगडीतून झाला असं म्हटलं तरी चालेल. कॅलिफोर्नियात १९७६ पासून काही पोरं जुन्या जाड सायकली डोंगरावरून सोडायची, पेडल उलटं मारून लागणारा ब्रेक एका उतारातच इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, खाली आलं की पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. पुढं वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला हा खेळ पोचला. आपल्याकडं डिस्क ब्रेक आहेत, तरी कणकुंबीच्या अलीकडच्या लांब उताराला पॅडचा करपट वास आलाच.

त्याच उताराला टेम्पोवाल्या दोस्ताच्या मागच्या गिअरमध्ये काटकी अडकली. करंगळीएवढी काटकी, पण तिनं डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, ओढून पार स्पोकमध्ये घातला आणि हँगर वाकला. हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलरच्या मधला अॅल्युमिनियमचा बारका तुकडा, तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, मागवला तर यायला आठवडे. याने खिशातून प्लास्टिकची पुडी काढली, आत नवा कोरा हँगर, स्वतःच्या मशीनवर स्वतः काढलेला, कडा फाईल मारून गुळगुळीत केलेल्या. दोन स्क्रू काढले, जुना उतरवला, नवा बसवला, गिअर लावून बघितले तर सगळे पडायले. उद्यमबागेतल्या माणसाला तोड नाही, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ डबे उघडले. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पूर्वेकडं जाऊन कृष्णेला मिळते, आणि याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन समुद्र गाठते. एवढ्याशा मुलखात पाणी दोन दिशांना फुटतंय. बँकवाला शेवटच्या मोठ्या उताराला सायकलवरनं न उतरता आला होता, त्यामुळं त्याच्या चपात्या आणि शेंगाचटणी आम्ही चौघांनी मिळून संपवली तरी तो खूश होता.

परतीला उजेड असतानाच निघायचं. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि गुडघ्यामागं, काखेत, मोज्याच्या इलॅस्टिकखाली गोचीड बघायचीच. माकडताप गोचिडीमुळं होतो, खानापूर तालुक्यात आणि शेजारच्या दोडामार्गात त्याचे पेशंट सापडलेत, थंडी-उन्हाळा हाच त्याचा सीझन. जंगलातनं आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आधी सांगा.

दोस्त आता हँगरची आणखी एक बॅच काढायलाय. कुणाला पाहिजे असेल तर जुना हँगर आणून द्या, मापाला तोच लागतो, फोटोवरून जमत नाही.