सोलच्या लाइव्ह एलपी डिजिटल करताना, नोंद चौथी: टाळ्यांचा प्रश्न

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी घडवलेलं संगीत. त्याच्या नऊ लाइव्ह (मैफलीतच ध्वनिमुद्रित झालेल्या) रेकॉर्डपैकी सहा आता फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइलींमध्ये बंद झाल्या आहेत: जेम्स ब्राउन (अपोलो थिएटर, १९६२), सॅम कुक (मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब, १९६३), एटा जेम्स (नॅशव्हिलचा न्यू एरा क्लब, १९६३), रे चार्ल्स (अटलांटा, १९५९), अरेथा फ्रँकलिन (फिलमोर वेस्ट, १९७१) आणि डॉनी हॅथवे. ओटिस रेडिंग, कर्टिस मेफील्ड आणि बिल विदर्स बाकी आहेत. रेकॉर्डिंगची मूळ मापं तीच: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. लाइव्ह रेकॉर्डवर गाण्यापेक्षा टाळ्यांचा कडकडाट वरचढ निघू शकतो, म्हणून पातळी ठरवताना बाजूच्या शेवटच्या मिनिटाचा कडकडाट आधी वाजवून बघायचा. पहिल्या गाण्यावर पातळी लावली की शेवटी हमखास क्लिपिंग होतं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो.

या वेळचा मुख्य विषय टाळ्यांचाच. स्टुडिओतल्या रेकॉर्डला चालणारी साफसफाई लाइव्ह सोलला चालत नाही. इथे समोरचे श्रोते वाद्यवृंदाचा भाग आहेत. ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या धरतात, गायकाच्या प्रश्नाला उत्तर देतात, आणि त्यांच्या ओरडण्यावर गायक पुढची ओळ लांबवतो. हे पुसलं तर हातात बरं गायलेलं गाणं उरतं, मैफल उरत नाही.

टाळी आणि टिक

आपोआप टिक (धूळ-ओरखड्याचा ‘टक्’ आवाज) काढणाऱ्या सॉफ्टवेअरला टाळी म्हणजे ओरखडाच वाटतो. दोन्ही अचानक उठतात, दोन्हींत वरच्या पट्टीतली ऊर्जा भरपूर असते. फरक लांबीचा: रेकॉर्डवरची टिक बहुतेकदा एक मिलिसेकंदाच्या आतली असते, टाळी कितीतरी जास्त रेंगाळते आणि तिच्यामागे खोलीचा आवाज येतो. एटा जेम्सच्या रेकॉर्डवर हे सर्वात जास्त नडलं. छोटा क्लब, माणसं मायक्रोफोनच्या अगदी जवळ, एकही गाणं ओरड्याशिवाय नाही. मधल्या संवेदनशीलतेवर सॉफ्टवेअरचा एक पास (एक फेरी) दिल्यावर स्नेअर ड्रमची धार गेली आणि टाळ्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाजायला लागल्या.

आता पद्धत अशी आहे. संवेदनशीलता सर्वात खाली ठेवून एक पास द्यायचा, पण निकाल ऐकायचा नाही. सॉफ्टवेअरने *काढून टाकलेला* आवाज वेगळा ऐकायचा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते. नसली तर साफ केलेली फाइल उलट्या फेजने (लहर उलटी करून) मूळ फाइलमध्ये मिसळायची, म्हणजे ती वजा होते. त्या कचऱ्यात ताल ऐकू आला, दोन-चार दोन-चार असा ठेका लागला, तर टाळ्या खाल्ल्या जात आहेत. नुसती विस्कळीत खरखर आली तर पास ठीक.

उरलेलं हाताने. आडवा ओरखडा असेल तर टिक बरोबर १.८ सेकंदांनी परत येते, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. टाळ्यांचा ठेका सहसा इतका मंद नसतो. टिक सापडली की पुढच्या प्रत्येक १.८ सेकंदाला खूण करून तेवढीच दुरुस्त करायची. वेळ जातो, पण दुसरा उपाय नाही.

रे चार्ल्सची रेकॉर्ड मात्र सोपी गेली, कारण ती मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलवर एकच आवाज. २८ मे १९५९ ला हर्नडन स्टेडियममध्ये डब्ल्यूएओके रेडिओच्या झीनस सीअर्स यांनी श्रोत्यांमधून एकाच मायक्रोफोनवर केलेलं हे ध्वनिमुद्रण. स्टेजवर कोणाच्या जवळ माइक नाही, मिक्सिंग नाही, आणि तरी सगळा बँड नीट तोललेला ऐकू येतो, याचं नवल वाटत राहतं. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ काट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) घ्यायची आणि डाव्या चॅनलमधून उजवा वजा करायचा. गाणं खाचेच्या दोन्ही भिंतींवर (एक भिंत म्हणजे एक चॅनल) सारखंच असल्याने जवळजवळ नाहीसं होतं आणि उरतो तो फक्त धूळ-ओरखड्यांचा नकाशा. त्यावरून खुणा करायच्या. टिक एकाच भिंतीवर असेल तर तेवढ्या क्षणापुरता दुसऱ्या भिंतीचा आवाज चिकटवायचा, काही बनवून भरावं लागत नाही. हे सगळं झाल्यावरच दोन्ही चॅनल एकत्र करायचे. आधी एकत्र केले तर नकाशाही गेला आणि स्वच्छ भिंतही.

सूं असा सततचा आवाज कमी करायचा असेल तर त्याचा नमुना दोन गाण्यांच्या मधून कधीच घेऊ नका. तिथे शांतता नसते, लोक कुजबुजत असतात, आणि सॉफ्टवेअर तीच कुजबुज सगळ्या रेकॉर्डमधून हुसकावतं. नमुना सुई टेकल्यापासून मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपचा आवाज सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या खाचेतून घ्यायचा. कपात ४ ते ६ डेसिबल पुरे.

वेग: हॅमंड आणि गुणगुण

अमेरिकेहून आणलेली टर्नटेबल वापरणाऱ्यांसाठी आधी एक धोक्याची सूचना. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. सिंक्रोनस मोटरचं (विजेच्या हर्ट्झनुसार फिरणारं) बेल्टवालं यंत्र ६० हर्ट्झसाठी बनलेलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेतं. स्वर तीन अर्ध्या सुरांहून थोडा अधिक उतरतो: पांढरी सहाचं गाणं काळी तीनच्याही किंचित खाली. सॉफ्टवेअरने वेग नंतर वाढवता येतो, पण तोवर प्रीअँपने (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राने) आरआयएएची दुरुस्ती (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज आणि उचललेली तार परत जागेवर आणणं) चुकीच्या कंपनसंख्यांवर केलेली असते आणि खर्ज-तारेचा तोल बिघडलेलाच राहतो. ५० हर्ट्झची पुली बसवणं हाच खरा इलाज. क्वार्ट्झ नियंत्रणाच्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्टशिवाय मोटरच तबकडी फिरवते त्या यंत्राला) ही भानगड नाही.

वेग बरोबर असला तरी एक टक्क्याची चूक सहज राहते. ती पकडायला सोलच्या रेकॉर्डवर दोन आयते मापदंड मिळतात.

पहिला हॅमंड ऑर्गन. जुन्या टोनव्हील (फिरत्या चाकांतून सूर काढणाऱ्या) हॅमंडचा सूर विजेच्या हर्ट्झला बांधलेला असतो. ६० हर्ट्झवर त्याचा ए (पांढरी सहा) ४४० हर्ट्झचा येतोच, वादकाला तो सुरात लावता येत नाही आणि उतरवताही येत नाही. फिलमोर वेस्टमध्ये अरेथाच्या मागे बिली प्रेस्टन ऑर्गनवर आहेत, आणि सान फ्रान्सिस्कोची वीज ६० हर्ट्झची. लांब धरलेला ए शोधायचा आणि मोजायचा. ४४४ आला तर यंत्र जवळजवळ एक टक्का पुढे पळतंय. लेस्ली (ऑर्गनचा फिरता स्पीकर) जोरात फिरत असेल तेव्हा मोजू नका, सूर मागे-पुढे हेलकावतो. युरोपात झालेल्या ध्वनिमुद्रणांना ही युक्ती लावू नका, तिथली वीज ५० हर्ट्झची आहे.

दुसरा मापदंड टेपमध्येच मुरलेली विजेची गुणगुण. अमेरिकन टेपवर ती ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, आपल्या अर्थिंगची ५० ची. त्यामुळे दोष कुणाचा हेही लगेच कळतं: कंपनसंख्यांच्या आलेखात ५०, १०० आणि १५० ला रेघ दिसली तर आपली वायर बघा, टेपला बोल लावू नका. वेगासाठी १८० ची रेघ घ्यावी, एक टक्क्याच्या चुकीला ती १.८ हर्ट्झ सरकते. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलवर एफएफटीचा (तो आलेख काढणाऱ्या गणिताचा) आकार २,६२,१४४ ठेवला की साधारण ०.३७ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. ६५,५३६ वर दीड हर्ट्झच्या आतलं काही कळत नाही.

बाजूंची जोड

अपोलोच्या रेकॉर्डमध्ये ‘लॉस्ट समवन’ दहा मिनिटांहून मोठं आहे आणि एलपीवर ते मधोमध कापलंय: पहिली बाजू आवाज उतरवत संपते, दुसरी चढवत सुरू होते. हे ध्वनिमुद्रण २४ ऑक्टोबर १९६२ चं. कंपनीला लाइव्ह रेकॉर्डमध्ये रस नव्हता म्हणून ब्राउनने स्वतःच्या खिशातून पैसे घातले. १९६३ मध्ये रेकॉर्ड आली आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या पॉप अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

ही जोड एलपीवरून परिपूर्ण होत नाही, कारण उतरत्या आवाजाच्या टोकाला खरखरच जास्त असते. जमेल तेवढं असं: उतरणीवर उलटा चढ लावून पातळी परत आणायची, पण शेवटचे दोन-तीन सेकंद सोडून द्यायचे. मग बँडच्या ठेक्यावर, पहिल्या मात्रेला, ३० ते ५० मिलिसेकंदांची क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं). टाळ्यांमध्ये जोड लपवायचा मोह होतो, पण या गाण्यात लोक सलग टाळ्या वाजवत नाहीत. ते एकेकटे किंचाळतात, आणि अर्धी किंकाळी लगेच उघडी पडते. ज्यांना सलग हवंय त्यांनी सरळ सीडी घ्यावी, तिथे टेपवरूनच अखंड आहे.

डॉनी हॅथवेच्या १९७२ च्या रेकॉर्डला उलटा नियम: जोडूच नका. पहिली बाजू हॉलिवूडच्या ट्रूबडूर क्लबची, दुसरी न्यूयॉर्कच्या बिटर एंड क्लबची. गिटारवर पहिल्या बाजूला फिल अपचर्च, दुसऱ्या बाजूला कॉर्नेल डुप्री. खोल्या वेगळ्या, टाळ्यांचा रंग वेगळा. एका शहरातल्या टाळ्यांवर दुसऱ्या शहरातल्या चढवल्या की कानाला खड्डा लागतो. मध्ये दोन सेकंद खरी शांतता ठेवलीय.

याच रेकॉर्डवर सुईची कसोटी आहे. विली वीक्सचा प्रसिद्ध बेस सोलो दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या, तेरा मिनिटांहून लांब गाण्यात येतो, म्हणजे खाच लेबलाजवळ पोहोचलेली असताना. बाहेरच्या काठाला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत सहा सेंटिमीटर त्रिज्येवर फक्त २१. तेवढ्याच जागेत सगळं कोंबलेलं असतं. शंकूच्या टोकाची सुई तिथे बेसच्या बोटांचा खरखरीतपणा आणि हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) दोन्ही मळवून टाकते. लांबट टोकाची सुई लावून आणि काट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोनमापकावर) पुन्हा जुळवून घेतल्यावर तीच बाजू बरीच उघडली. सुईचा दाब वाढवून हा दोष जात नाही.

अरेथाच्या रेकॉर्डवरच्या जोडण्या कंपनीनेच करून ठेवल्यात. ५ ते ७ मार्च १९७१ अशा तीन रात्रींमधून गाणी निवडून एलपी बनली आणि सांधे टाळ्यांखाली झाकले. रे चार्ल्स स्टेजवर आले ते ७ तारखेला. गाण्यांच्या मधला टाळ्यांचा पोत मध्येच बदललासा वाटला तर आपल्या फाइलचा दोष समजून दुरुस्तीला बसू नका.

सॅम कुक: कुठलं मिक्स?

ध्वनिमुद्रण १२ जानेवारी १९६३ चं, बाजारात आलं १९८५ ला. २००० च्या बॉक्स सेटमध्ये त्याचं जे रूप आहे त्यात श्रोते बरेच मागे ढकललेत. २००५ च्या रिमास्टरमध्ये ते परत पुढे आले. २००० मधलं रूप स्वच्छ आहे, ड्रम कोरडे आणि ठळक. त्याचं कारण साधं आहे: श्रोत्यांवर रोखलेला माइक स्टेजपासून २० मीटरवर असेल तर बँडचा आवाज तिथे सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो माइक वर केला की प्रत्येक ठोक्यामागे त्याची सावली येते. पण सॅम कुक इथे गळा खरवडून गातोय तो समोरच्यांना पेटवायला, आणि ते पेटलेले ऐकूच आले नाहीत तर तो उगाच ओरडतोय असं वाटतं. संग्रहात १९८५ चंच ठेवलंय. २००० चं मिक्स किंग कर्टिसचा सॅक्सोफोन नीट ऐकायला म्हणून बाजूला.

तुलना करताना सगळ्या फाइलींचं सरासरी एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सारखं करून भागत नाही. ज्या मिक्समध्ये श्रोते मोठे, तिथे सरासरी त्यांच्यामुळे चढते आणि गायक विनाकारण खाली जातो. टाळ्या नसलेला, फक्त त्याच्या बोलण्याचा तुकडा निवडून त्यावर पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा, मग ऐका.

नकली श्रोते

यादीत जेम्स ब्राउनची १९७० ची ‘सेक्स मशीन’ का नाही, असं विचारलं जाईल म्हणून. तिच्यातला बराच भाग स्टुडिओतला, वरून टाळ्या आणि घुमारा चढवलेला. ओळखायची खूण एकच लक्षात ठेवा: बँड अचानक थांबतो तेव्हा खरे श्रोते अर्धा क्षण गप्प होतात किंवा उसळतात. चिकटवलेले आपल्याच नादात चालू राहतात. वाजवणं अर्थात अव्वल आहे, फक्त ते या शेल्फवरचं नाही.

पुढचं काम

राहिलेल्या तिन्ही रेकॉर्डवर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आलेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, १० मिनिटं मुरवून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. हे विनाइललाच, लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर त्या विरघळतात. जुनं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी तिथूनच परत येते.

मेफील्डची (बिटर एंड, जानेवारी १९७१) सर्वात शेवटी घेणार. बँड पाच जणांचा, वाजवणं हळुवार, हेन्री गिब्सनचे काँगा (हाताने वाजवायचे ढोल) अगदी खालच्या पातळीवर, त्यामुळे पृष्ठभागाची प्रत्येक खरखर वर दिसते. विदर्सचा कार्नेगी हॉलचा संचही मेफील्डसारखाच दोन तबकड्यांचा. अशा संचांमध्ये ऑटो-चेंजरसाठी (तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी) पहिल्या बाजूच्या पाठीवर चौथी छापलेली असू शकते. फाइलींना नावं लेबल वाचूनच द्यायची, तबकडी उलटल्याच्या क्रमाने नाही. आणि सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झवर गाणी तोडताना प्रत्येक काप ५८८ सॅम्पलच्या पटीत ठेवायचा. नाहीतर बर्नर उरलेली जागा शांततेने भरतो आणि दोन गाण्यांमधल्या सलग टाळ्यांच्या बरोबर मध्यावर एक टक् असा आवाज बसतो.