तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बोच्या गाडीला पहिलं मॉड कोणतं?

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता एकदाच नीट लिहून ठेवते. "ताई, गाडी घेतली, टर्बो आहे, घरीच काम करायचंय, पहिलं मॉड, म्हणजे गाडीतला पहिला बदल, कोणता करू?" आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं, बूस्ट (टर्बोने हवेवर आणलेला दाब, पीएसआयमध्ये मोजतात) वाढवणारा कंट्रोलर लावायचा, चार पीएसआय वाढवायचे, त्याला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं असतं. मी हो म्हणत नाही. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे, की टर्बो जी हवा दाबतोय ती सगळीच्या सगळी सिलिंडरपर्यंत पोचतेय का ते आधी बघ. म्हणजे बूस्ट लीक टेस्ट. ती होईपर्यंत गाडीला एकही नवा पार्ट लावू नकोस.

हे मी कुठून शिकले ते सांगते. माझी गाडी लॅन्सर इव्होल्यूशन एट, इंजिन ४जी६३, १९९७ सीसी, लोखंडी ब्लॉक, कॉम्प्रेशन रेशो ८.८:१, फार दणकट इंजिन म्हणून नाव आहे आणि ते खरंही आहे. गाडी माझ्याकडे येऊन दुसरं वर्ष चालू होतं. तेव्हा जाणवायला लागलं की बूस्ट उशिरा येतोय, आधी साधारण ३२०० आरपीएमला जो धक्का बसायचा तो आता ३८०० च्या पुढे, आणि गेजवर १९ च्या जागी १७ पीएसआय. मी म्हटलं टर्बो थकला असेल. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर होताच, स्क्रू फिरवला, १७ चे २१ केले, गाडी परत जोरात पळायला लागली आणि मी खूश. तिसऱ्या गिअरला, दुपारच्या उन्हात, फुल थ्रॉटलवर अर्धा सेकंद आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. पाय काढला. आवाज गेला. आणि मी तो आवाज मनावर घेतला नाही, पुढचे दोन आठवडे तशीच चालवत राहिले.

मग एक दिवस बॉनेट उघडलं तर डिपस्टिक आपल्या जागेवरून वर आलेली आणि आजूबाजूला ऑइलचे शिंतोडे. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या भागात, प्रेशर जातंय याची ती खूण. प्लग काढले. तीन प्लग व्यवस्थित, तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे ठिपके आणि त्यात दोन-तीन चमकणारे कण, टॉर्च तिरका धरला की चमकायचे. ते ॲल्युमिनियम, म्हणजे माझा पिस्टन. कॉम्प्रेशन टेस्ट केली, तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, तिसरा ९०. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर १३० च्या पुढे गेला, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनभोवतीची रिंग. लीक-डाउन टेस्टर लावून सिलिंडरमध्ये हवा सोडली आणि ती कुठून गळते ते कान लावून ऐकलं, डिपस्टिकच्या नळीतून सर्र आवाज. (हे कान लावणं लक्षात ठेवा, खूप कामाचं आहे: आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, डिपस्टिक किंवा ऑइल कॅपमधून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.) इंजिन खोललं तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पिस्टनची कड नखाएवढी तुटलेली निघाली. नॉकिंगने. तो डब्यातला खडखडाट.

इंजिन जोडून झाल्यावर, पुन्हा चालू करायच्या आधी, मी पहिल्यांदा बूस्ट लीक टेस्ट केली. आणि टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. इंटरकूलरच्या (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा भाग) खालच्या रबरी होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला एक चीर होती, हाताने वाकवली तरी दिसायची नाही, आत प्रेशर आलं की उघडायची.

आता यात काय घडलं ते समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथे आहे. बूस्ट गेज फक्त प्रेशर दाखवतं, तेही इनटेक मॅनिफोल्डमधलं. ते प्रेशर आणायला टर्बोने किती मेहनत घेतली ते गेज सांगत नाही. वाटेत हवा गळत असेल तर तेच प्रेशर धरायला टर्बोला जास्त हवा ढकलावी लागते, जास्त फिरावं लागतं, आणि हवा दाबली की ती तापतेच. हिशेब करून बघा, बाहेर ३० डिग्री असेल आणि १.३ बार बूस्ट, म्हणजे साधारण १९ पीएसआय, आणि कॉम्प्रेसर ७० टक्के एफिशियन्सीने चालतोय असं धरलं, तर टर्बोमधून निघणारी हवा १४५ डिग्रीच्या आसपास असते. हे सगळं नीट चालू असताना. गळती भरून काढताना एफिशियन्सी घसरते आणि हा आकडा अजून वर जातो, इंटरकूलर किती घालवणार. गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगने लावलेली आग पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप पेट घेतं, ते नॉकिंग. म्हणजे मी स्क्रू फिरवून पॉवर वाढवली असं मला वाटत होतं आणि प्रत्यक्षात मी गळतीवर उष्णता ओतत होते, तेही अशा प्रेशरला जिथे ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये इग्निशन टायमिंग कुणी कधी बसवलंच नव्हतं.

आणि इव्होमध्ये अजून एक गोष्ट. एअर फ्लो मीटर टर्बोच्या आधी बसतो, कारमान व्हॉर्टेक्स प्रकारचा, हवेच्या वाटेत एक अडथळा असतो आणि त्याच्या मागे जे भोवरे होतात ते तो मोजतो. ईसीयूला तोच आकडा खरा वाटतो. पुढे होजमधून हवा निसटली तरी तिची मोजणी झालेली असते, तिच्या वाटचं पेट्रोल पडतंच. मिश्रण रिच होतं, सायलेन्सरमधून काळा धूर, ॲव्हरेज घसरतं, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. म्हणूनच ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (थ्रॉटल बंद झाल्यावर अडकलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह) हवा बाहेर सोडणारं किट मी अशा गाडीला लावू देत नाही, मोजलेली हवा परत इनटेकमध्येच गेली पाहिजे. आवाज छान येतो मान्य आहे, पण दर गिअरला गाडी क्षणभर घुसमटते.

टेस्ट कशी करायची. टर्बोच्या तोंडावरचा इनटेक पाइप काढा, म्हणजे एअर फ्लो मीटर टेस्टच्या बाहेर राहतो, त्याला प्रेशर द्यायचं नसतं. त्या तोंडावर बसेल अशी टोपी घ्या, पीव्हीसीच्या पाइपाचं झाकण चालतं, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि चांगल्या क्लॅम्पने आवळा. क्रँककेसचा ब्रीदर जिथे इनटेकला येतो तो काढून बंद करा, नाहीतर सगळी हवा क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातील. मग रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा, आधी ५ पीएसआय, मग १०, मग १५, २० च्या पुढे जायची गरज नाही. टोपीच्या समोर उभं राहायचं नाही, ती निसटली तर गोळीसारखी येते. हे काम दोघांनी करावं. माझा धाकटा भाऊ कॉम्प्रेसरवर बसतो आणि मी साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली घेऊन गाडीभोवती फिरते.

आणि घाई करायची नाही. मोठी गळती कानाला ऐकू येते, ती सोपी. छोटी साबणाच्या फेसातच दिसते. पहिल्या वेळी थ्रॉटल बॉडीवर स्प्रे मारला तर आधी काहीच नाही, मग थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, परत आला, एका लयीत. दांड्याचं सील गेलेलं. सगळे होज, सगळे क्लॅम्प, इंटरकूलरचे कोपरे, इंजेक्टरच्या ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, सगळीकडे मारा. ऑइल कॅप उघडल्यावर आतून थोडा सूं आवाज येईल, कारण कुठलातरी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि रिंगच्या बाजूने थोडी हवा खाली जातेच, त्याने घाबरू नका. आम्हाला त्या दिवशी चार जागा सापडल्या. सगळ्या दुरुस्त केल्या, बूस्ट कंट्रोलर परत जुन्या जागी आणला, आणि गाडी १९ पीएसआयला आधीच्या २१ पेक्षा जोरात धावली, बूस्ट परत ३२०० ला यायला लागला. एकही नवा पॉवर पार्ट न लावता! मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

त्यानंतर काय, असं पुढे विचारतात. वाइडबँड लावा, म्हणजे हवा पेट्रोलच्या किती पट आहे (एअर-फ्युएल रेशो) ते दाखवणारा सेन्सर. बूस्टवर पेट्रोलची गाडी ११ ते ११.५ च्या आसपास एअर-फ्युएल रेशो दाखवायला हवी, हलक्या पायाने चालवताना १४.७, आणि फुल थ्रॉटलवर तो आकडा वर सरकताना दिसला तर त्याच क्षणी पाय काढायचा, घरी जायचं, फ्युएल पंप आणि फिल्टर तपासायचा. ईसीयूमधून नॉकचा डेटा लॉग करायला शिका, लॅपटॉप आणि केबलचं काम आहे. प्लग एक स्टेप थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर नेणारे, घ्या आणि गॅप ०.७ मिमीच्या आसपास ठेवा, जास्त प्रेशरमध्ये मोठ्या गॅपवर ठिणगी विझते. मग एक्झॉस्ट, मग फ्युएल पंप, मग नीट रीमॅप, म्हणजे ईसीयूचा मॅप नव्याने बसवणं, आणि बूस्ट त्या रीमॅपचा भाग म्हणून वाढवायचा, आधी नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी ठेवलाय, हाय-फ्लो घेतला, त्याने हरवलेली पॉवर मला कधी जाणवली नाही.

मेंटेनन्सबद्दल वेगळं विचारतात पण माझ्या मते ते वेगळं नाहीच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे ऑइल मी ५००० किमीला बदलते, कितीही महाग ऑइल असलं तरी. जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याच्या घड्या उलगडून उन्हात बघायच्या, चमक दिसली तर चुंबक फिरवायचा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंग. जोरात चालवल्यावर शेवटची काही मिनिटं बूस्ट न देता चालवायचं. ब्रेक फ्लुइड दर वर्षी बदलायचं, ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ चा बॉइलिंग पॉइंट नवीन असताना किमान २३० डिग्री असतो आणि पाणी शिरल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. इतक्या पॉवरच्या गाडीला तो फरक थांबणं आणि न थांबणं यातला फरक आहे. आणि गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीही, एक नट आवळायलासुद्धा, जायचं नाही. स्टँड लावा.

टायमिंग बेल्टचं मात्र सविस्तर सांगते कारण बरेच जण घाबरून विचारतात. ४जी६३ मध्ये बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात. साधारण ९०,००० किमीचा बेल्ट मी जोराच्या वापरामुळे आधीच बदलते, आणि आत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणारा दांडा) जो छोटा बेल्ट असतो तोही त्याच वेळी, कारण तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला तरी तेच नुकसान. मार्क जुळवताना एक गोष्ट खूप लोकांकडून सुटते. मागच्या बॅलन्स शाफ्टचा मार्क ऑइल पंपच्या चाकावर असतो, आणि तो मार्क जुळूनही आतला शाफ्ट उलटा असू शकतो, कारण चाक आणि शाफ्ट एकाच गतीने फिरत नाहीत. त्यासाठी ब्लॉकच्या बाजूला एक बोल्ट दिलाय, तो काढून भोकात ८ मिमीचा स्क्रूड्रायव्हर सरकवायचा. शाफ्ट बरोबर असेल तर तो ६० मिमी आत जातो, उलटा असेल तर २०-२५ मिमीवर अडतो, मग चाक अजून एक पूर्ण फेरी फिरवून परत बघायचं. मी स्क्रूड्रायव्हरवर ६० मिमीवर टेप गुंडाळून ठेवलीये. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा बेल्ट बदलला, स्क्रूड्रायव्हर टेपपर्यंत आत गेला, तो तसाच ठेवून बेल्ट चढवला, मग स्क्रूड्रायव्हर काढला, क्रँक पान्ह्याने हातानेच दोन पूर्ण फेऱ्या फिरवला, सगळे मार्क परत आपापल्या जागी आले, आणि मगच बॅटरीची वायर जोडली.