पिस्तूल बायकोचं, प्रश्न मात्र मला

टेक्सासमध्ये राहत असाल, बायको ग्रीन कार्डवर असेल आणि तिला स्वतःसाठी पहिलं पिस्तूल घ्यायचं असेल, तर आधी एलटीसी काढा, म्हणजे ‘लायसन्स टू कॅरी’, पिस्तूल जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना. दुकानाची पायरी त्यानंतर चढा. आम्हाला हा क्रम कोणी सांगितला नव्हता. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका दुकानात आम्ही जो मनस्ताप भोगला, तो आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बायकोचं एका स्ट्रिप मॉलमध्ये छोटं थ्रेडिंगचं पार्लर आहे. बंद करायला रात्रीचे नऊ वाजतात, जवळ दिवसभराची रोकड असते आणि मागच्या पार्किंगमध्ये धड उजेड नाही. शेजारच्या दुकानदाराला तिथेच लुबाडलं, तेव्हा तिने स्वतःहून ठरवलं. मी बरीच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातो, त्यामुळे निवडीत मदत करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी त्या दुकानातल्या माणसाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ‘मॅडमसाठी काय दाखवू?’ हे त्याने मला विचारलं. मग काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक रुगर एलसीपी, जेमतेम पावशेर वजनाचं, आणि एक स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. बायकांना हलकं आणि छोटंच आवडतं, असं त्याचं म्हणणं. हा सल्ला अगदी उलटा आहे. पिस्तूल जितकं हलकं, तितका गोळी सुटतानाचा धक्का हाताला जास्त बसतो. मूठ इतकी आखूड असते की करंगळी हवेत राहते. त्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर इतका जड की नवख्या माणसाचं बोट दाबता दाबता नेम हलतो. ही हत्यारं वाईट नाहीत, पण ती सरावलेल्या हाताची आहेत. शिकणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात केली तर चार गोळ्यांनंतर रेंजवर जावंसंच वाटत नाही, आणि सराव नसेल तर पिस्तूल जवळ बाळगण्यात अर्थ नाही.

आम्ही भाड्याने पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर गेलो आणि तिथल्या एका बाईंकडे शिकवणी लावली. हे जरूर करा. नवऱ्याने शिकवू नये, निदान पहिले धडे तरी नाहीच. बायकोला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढता येत नव्हती. त्या बाईंनी ताकदीचा विषयच काढला नाही. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, तोंड समोर लक्ष्याकडेच ठेवायचं, डाव्या तळव्याने स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. दुसऱ्या खेपेला स्लाइड मागे गेली. मग स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड, सिग पी३६५, ग्लॉक १९ आणि ग्लॉक ४३एक्स अशी सगळी चालवून पाहिली. ईझेडची स्लाइड खरोखर हलकी आहे, मनगट दुखणाऱ्यांनी किंवा संधिवात असलेल्यांनी तेच आधी पाहावं. ग्लॉक १९ची मूठ तिच्या हाताला जाड पडली. ४३एक्स मात्र बसलं. तिन्ही बोटं मुठीवर, ट्रिगरपर्यंत बोटाचं पहिलं पेर नीट पोहोचतं, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) दहा गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसकट वजन अर्ध्या किलोच्या किंचित वर. मला स्वतःला सिग जास्त पटलं होतं, पण हात तिचा होता.

(भारतातल्या नातेवाइकांना सांगताना एक गंमत कळते. ४३एक्समध्ये लागतं ते नऊ एमएमचं काडतूस तिकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये, म्हणजे मनाई असलेल्या मापात मोडतं, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही.)

इथवर सगळं छान होतं. आता खरेदीचं सांगतो. ४३एक्स त्याच दुकानात स्वस्त होतं, म्हणून परत तिथेच गेलो.

विकत घेताना केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो. मी नागरिक आहे, बायको ग्रीन कार्डवर. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं, फॉर्मवर फक्त नागरिकत्वाचा देश आणि कार्डावरचा नंबर लिहायचा असतो. तिने भारत लिहिलं आणि काउंटरवरचा माणूस थबकला. म्हणे, नागरिक नसाल तर शिकारीचा परवाना आणा. मी समजावलं की ती अट नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावाल्यांसाठी आहे. त्यांना बंदुकीची मनाई आहे आणि शिकारीचा परवाना हा त्या मनाईतला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डवाला त्यात येतच नाही. तो म्हणाला, ‘पण त्या व्हिसावरच आल्या होत्या ना?’ आली होती एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कित्येक वर्षांपूर्वी! आज ती कायमची रहिवासी आहे आणि फॉर्मवरच्या त्या व्हिसाच्या प्रश्नाचं तिचं खरं उत्तर ‘नाही’ हेच आहे. तो तिला ‘होय’वर खूण करायला सांगत होता. खाली सही तिची, खोटं लिहिलं तर गुन्हा तिच्यावर. तिने पेन खाली ठेवलं. फॉर्मसोबतच्या सूचना छापलेल्या असतात, त्या उघडून मॅनेजरला दाखवल्या, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

त्यानंतर त्याने जे सुचवलं ते तर कहर होतं. ‘सर, तुम्ही सिटिझन आहात, तुम्हीच फॉर्म भरा आणि घरी जाऊन त्यांना द्या.’ पैसे पार्लरचे, बँकेचं कार्ड तिचं, पिस्तूल तिचं, आणि ‘खरा खरेदीदार तुम्हीच का?’ या प्रश्नावर मी ‘होय’ लिहायचं! स्वतःच्या पैशाने बायकोला खरोखरची भेट देणं कायदेशीर आहे. पण तिच्या पैशाने, तिच्यासाठी, माझ्या नावाने घेणं म्हणजे स्ट्रॉ पर्चेस. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अब्राम्स्की खटल्यात स्पष्ट केलंय की ज्याच्यासाठी घेतलं तो माणूस पात्र असला तरीसुद्धा फॉर्मवरचं ते खोटं गुन्हाच ठरतं. तिथे काकासाठी ग्लॉक १९ घेतलं होतं. २०२२ च्या कायद्यानंतर अपात्र माणसासाठी किंवा गंभीर गुन्ह्यासाठी केलेल्या स्ट्रॉ पर्चेसला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक दुकानाचा माणूस गिऱ्हाइकाला हे सहज सुचवतो, याची मला अजून चीड येते. कोणीही असं सुचवलं तर नाही म्हणा.

शेवटी तिच्या नावाने एफबीआयकडे पूर्वइतिहासाच्या तपासणीची चौकशी गेली. उत्तर तीन प्रकारचं येतं: प्रोसीड (पुढे जा), डिलेड (थांबा) किंवा डिनाइड (नकार). तिचं आलं ‘डिलेड’. त्याचा अर्थ नकार नव्हे, नोंदी पडताळायला वेळ हवाय, एवढाच. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर कायद्याने दुकानदार पिस्तूल देऊ शकतो, पण द्यायलाच हवं असं बंधन नाही. या दुकानाचं धोरण होतं की ‘प्रोसीड’ आल्याशिवाय द्यायचं नाही. धोरण असायला माझी हरकत नाही, मात्र ते पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. पूर्ण रक्कम घेऊन झाल्यावर सांगितलं. फोन केला की ‘आम्ही कळवू’. कधी फोन उचलणाऱ्याला फाइलच सापडायची नाही. वर हे कोणी बोललं नाही की ही तपासणी ३० दिवसच ग्राह्य असते, नंतर सगळं पहिल्यापासून. ते आम्ही शोधून काढलं, तोवर मुदत संपत आली होती.

दरम्यान तिने एलटीसीचा वर्ग केला होता. फी ४० डॉलर, वर्गाचे पैसे वेगळे, आणि नेमबाजीच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या. २५० पैकी १७५ गुण लागतात, तिला त्याहून बरेच जास्त मिळाले. परीक्षेला स्वतःचं पिस्तूल लागत नाही, शिकवणाऱ्या बाईंचंच वापरलं. लायसन्स पोस्टाने आलं आणि सगळा तिढा सुटला, कारण टेक्सासचं एलटीसी दाखवलं की खरेदीच्या वेळी ती चौकशी करावीच लागत नाही. फॉर्म भरायचा असतोच. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने फॉर्म माझ्यासमोर नाही, बायकोसमोर ठेवला, आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात पिस्तूल तिच्या हातात आलं. मला फार अभिमान वाटला तिचा.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे लायसन्सशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं, मग एलटीसी कशाला, असं मित्र विचारतात. एक कारण वर आलंच. दुसरं म्हणजे शाळेपासून १००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर केंद्राची बंदी आहे आणि राज्याचं लायसन्स असलेल्याला त्यातून सूट मिळते. मुलांना शाळेत सोडायला कोणत्या रस्त्याने जाता, ते पाहा. सूट रस्त्यापुरती आहे, शाळेच्या इमारतीत न्यायचं नाही.

नावाचं राहिलं. आपल्याकडे पासपोर्टवर बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी ते गळतं. पत्ता आणि पूर्ण नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या, मगच अर्ज करा.

कपड्यांचा विचारही आधी करा. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, पट्ट्याला लागतं आणि कुर्त्याखालच्या लेगिंगला पट्टा नसतो. बायको कामावर जीन्स आणि सैल कुर्ता घालायला लागली, सणासुदीला पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा वापरते, पण त्यातही ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. पर्समध्ये ठेवू नका. चोर आधी पर्सच ओढतो, आणि घरात मूल आधी पर्समध्येच हात घालतं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागू देणं इथे गुन्हा आहे. पिस्तुलाच्या आधी तिजोरी घ्या. आमची बोटांच्या ठशावर उघडते आणि भिंतीत बोल्टने पक्की आहे.

एच-१बी (नोकरीच्या व्हिसावरचे) आणि एच-४ वाल्यांनी शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू होत असल्याशिवाय रेंजवर मित्राचं पिस्तूलसुद्धा हातात घेऊ नये. हातात घेणं म्हणजेही कायद्याने बाळगणं आणि त्यावर पुढचं ग्रीन कार्ड अडकू शकतं.

आणि त्या पहिल्या दुकानाने पैसे परत देताना ‘रिस्टॉकिंग’चे, म्हणजे माल परत मांडण्याचे, म्हणून वीस टक्के कापले. तपासणी रखडली तर पूर्ण परतावा मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.